नेम दहावर, नजर खिशावर!

*रायफल नेमबाजीचा वीकेण्ड छंद लागलाय? मग एक दिवस तुमच्यापुढे हा प्रश्न येणारच. छर्ऱ्यांचा डबा कुठला घ्यायचा? स्वस्तातला, महागातला की मधला? भिंगारच्या एका वाड्यात, टेप आणि फूटपट्टी हातात घेऊन शोधलेलं उत्तर...*

आठवडाभर मॉनिटरकडे बघून डोळे शिणलेत, बॉसच्या मेल्सना उत्तरं देऊन बोटं दुखतायत आणि शनिवारी सकाळी तुम्ही काय करता? तर पुन्हा एका काळ्या ठिपक्याकडे टक लावून बघता आणि बोटाने चाप दाबता! ऐकायला वेडेपणा वाटेल, पण दहा मीटर एअर रायफलच्या रेंजवर उभं राहिल्यावर डोक्यातला गोंगाट जसा बंद होतो, तसा दुसरा कशानेच होत नाही. योगा करून पाहिला, सालसा क्लास लावून पाहिला, जिमची वर्षाची फी भरून पहिल्या महिन्यातच दांडी मारली. टिकली ती रायफल.

पण मंडळी, छंद म्हटला की खर्च आला. रायफल एकदाच घ्यायची, जॅकेट एकदाच. छर्रे मात्र दर महिन्याला लागतात, अगदी मोबाइलच्या बिलासारखे! आणि इथेच आपण सगळे फसतो. मी तर चांगली सहा महिने फसले होते.

माझं गणित सोपं होतं. प्रॅक्टिसच तर करायचीय, स्पर्धा थोडीच आहे? मग दुकानातला सगळ्यात स्वस्त डबा उचलायचा. उरलेल्या पैशांत कॉफी. पहिले दोन-तीन महिने मजेत गेले. स्कोअर वाढत होता. मग एकदम ब्रेक लागला. कितीही श्वास रोखा, कितीही हळू चाप ओढा, कागदावरची भोकं काही जवळ यायला तयार नव्हती. मी स्वतःला दोष देत होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, ऑफिसचा ताण असेल, आपल्यात ते टॅलेंटच नसेल... एका शनिवारी तर रायफल विकायची जाहिरातसुद्धा मनात लिहून झाली.

भिंगारमधला रविवार

माझं आजोळ भिंगारचं. नगर शहर आणि भिंगार यांच्यामध्ये फारसं अंतर नाही, पण हवा वेगळी. एका बाजूला जुनं गाव, पेठ, मंदिरं. दुसऱ्या बाजूला छावणीचे सरळसोट रस्ते, चुन्याने रंगवलेले दगड आणि झाडांच्या रांगा. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथलं, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटरही इथलंच. तिकडे खारे कर्जुन्याच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की परिसरातल्या गावांना आधी सूचना जाते. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरात अजून 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतात.

अशा गावात निम्म्या घरांत एखादा तरी फौजी निघतोच. आमच्याकडे मामा. हवालदार म्हणून निवृत्त झालेत. आता सकाळी फिरणं, दुपारी वामकुक्षी आणि संध्याकाळी पेपरातलं शब्दकोडं. त्या रविवारी मी जेवताना माझं रडगाणं गायले. मामांनी ताटातली भाकरी बाजूला ठेवली आणि विचारलं,

"तुझं ग्रुपिंग किती येतंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दहा गोळ्या मारल्यावर सगळ्यात लांबची दोन भोकं किती अंतरावर येतात? एनसीसीतल्या पोरांनासुद्धा आधी हेच शिकवतात. बुल नंतर, ग्रुपिंग आधी."

मी पर्समधून मागच्या आठवड्याचं कार्ड काढलं. मामांनी फूटपट्टी लावली. सदतीस मिलिमीटर.

"आणि रायफल उशीवर ठेवून मारल्यावर?"

तसं मी कधी मारलंच नव्हतं. मामा हसले. "पोरी, सहा महिने तू स्वतःची परीक्षा घेतीयेस. एकदा त्या डब्याची घे की."

डबा की मी?

दुपारी वाड्याच्या मागच्या अंगणात आमची प्रयोगशाळा उभी राहिली. टेपने दहा मीटर मोजले. कार्डाच्या मागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, तिच्यामागे विटांची भिंत. मागच्या दाराला आतून कडी, लहान भाचरांना माडीवर पाठवून दिलेलं आणि दोघांच्याही डोळ्यांवर चष्मे. (मामांचा आग्रह. शिसं लोखंडावर आपटलं की तुकडे उलट येऊ शकतात.) टेबलावर वाळूची पिशवी, तिच्यावर रायफलचा पुढचा लाकडी भाग अलगद टेकवलेला. नळी पिशवीवर टेकवायची नाही बरं का, नेम बदलतो.

माझ्याकडे तीन डबे होते. एक माझा नेहमीचा स्वस्त. दुसरा मधल्या किमतीचा, क्लबमधल्या मैत्रिणीकडून थोडे छर्रे मागून आणलेला. तिसरा मॅचचा महागडा, तोही असाच उसना. प्रत्येकाचे आधी पाच छर्रे नुसतेच मारले, म्हणजे नळीला त्या छर्ऱ्याची सवय होते. मग नव्या कार्डावर दहा. घाई नाही, बोलणं नाही.

मोजायची युक्ती लिहून ठेवा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं आणि त्यातून ४.५ मिलिमीटर, म्हणजे एका छर्ऱ्याची जाडी, वजा करायची. आला तुमचा ग्रुप.

निकाल असा लागला : स्वस्त डबा २२ मिलिमीटर. मधला ९. महागडा ८.

म्हणजे मी कितीही देवासारखी स्थिर उभी राहिले असते, तरी माझ्या डब्याने २२ मिलिमीटरचा पसारा घातलाच असता! आणि महागड्या डब्याने मधल्यापेक्षा जास्त काय दिलं? एक मिलिमीटर.

"बघ," मामा म्हणाले, "पहिल्या महिन्यात तुझा हात एवढा हलत होता, की डब्याची चूक त्यात लपून गेली. मग तुझा हात सुधारला, डबा तिथंच राहिला."

सहा महिन्यांचं कोडं एका वाक्यात सुटलं.

एक तृतीयांशचा नियम

आता थोडं गणित. घाबरू नका, एक्सेल शीट उघडायची गरज नाही. तुमची चूक आणि छर्ऱ्याची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं, साधारण असा हिशेब लागतो. पहिल्या महिन्यात माझा हात ६० मिलिमीटर फिरत होता असं धरा. २२ चा डबा वापरला तर एकूण येतो ६४. फरक जाणवतसुद्धा नाही! त्या वेळी स्वस्त डबा घेणं हा अजिबात मूर्खपणा नव्हता.

पण हात ३० वर आल्यावर? २२ च्या डब्याने एकूण ३७ होतो आणि ९ च्या डब्याने ३१. सदतीस... मामांची फूटपट्टी आठवतेय ना?

यातून एक सोपा नियम निघतो. डब्याचा ग्रुप तुमच्या उभ्या ग्रुपच्या एक तृतीयांशाइतका किंवा त्याहून लहान असेल, तर तो डबा तुम्हाला पुरेसा आहे. तेव्हा छर्ऱ्यामुळे एकूण पसाऱ्यात जेमतेम पाच टक्के भर पडते. त्याहून महाग डबा घेणं म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकायला स्पोर्ट्स कार घेणं! आणि डब्याचा ग्रुप तुमच्या निम्म्याच्या वर गेला, की समजा डबा बदलायची वेळ झाली.

हे मिलिमीटर एवढे महत्त्वाचे का? कारण खेळच तसा आहे. दहा मीटर एअर रायफलच्या कार्डावरचं दहाचं वर्तुळ म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा त्याला नुसता स्पर्शून गेला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. पुढच्या प्रत्येक अडीच मिलिमीटरला एक गुण कमी. आता २२ चा डबा घ्या. कडेचा छर्रा केंद्रापासून ११ मिलिमीटर दूर जाऊ शकतो, म्हणजे थेट सहा! तुम्ही दहाचा शॉट मारलात आणि कार्डावर सहा दिसले, तर तुम्ही काय कराल? चूक नसलेल्या गोष्टी दुरुस्त करायला लागाल. पाय सरकवाल, साइट फिरवाल, श्वास बदलाल. वाईट छर्रे नुसते गुण खात नाहीत, चुकीच्या सवयी शिकवतात. खरं नुकसान ते.

२०१३ पासून एअर रायफलच्या प्राथमिक फेरीतसुद्धा दशांशात गुण मोजतात. दहा म्हणजे नुसते दहा नाहीत. १०.० ही असतात आणि १०.९ ही. त्यामुळे वरच्या पातळीवरचे खेळाडू एकेका लॉटसाठी जीव टाकतात, ते उगाच नाही. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्या पातळीवर एक मिलिमीटरही मोठा असतो. आपल्या पातळीवर तो एक मिलिमीटर म्हणजे महिन्याच्या बजेटला पडलेलं भोक!

डब्यात काय बघायचं?

दुकानात गेलात की समोर शेल्फवर रंगीबेरंगी डबे. टोकदार छर्रे, गोल डोक्याचे, चपट्या डोक्याचे... टार्गेटसाठी फक्त चपट्या डोक्याचे, म्हणजे वॉडकटर. ते कागदाला पंच मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण मोजायला वाद नाही. टोकदार छर्रे दिसायला भारी, पण दहा मीटरच्या कार्डावर त्यांचा काही उपयोग नाही.

मग नावं. जर्मनीच्या 'एच अँड एन'चा 'फिनाले मॅच', 'आरडब्ल्यूएस'चा 'आर १०', चेक प्रजासत्ताकातला 'जेएसबी', स्पेनचा 'गामो'. यातल्या बऱ्याच कंपन्या मॅचच्या डब्यांसोबत सरावासाठी स्वस्त मालही काढतात. 'एच अँड एन'चा 'एक्साइट इकॉन' हे त्याचं उदाहरण. भारतीय बनावटीचे डबेही मिळतात. त्यांना बघून नाक मुरडू नका आणि डोळे झाकून घेऊही नका. उशीवर ठेवून दहा मारा आणि मोजा. तुमच्या रायफलला काय आवडतं, हे फक्त तुमची रायफलच सांगू शकते. मित्राच्या रायफलला आवडलेला डबा तुमचीला आवडेलच असं नाही. सेम टू सेम माणसांसारखंच!

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दिसले तर ते छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास. एक शतांश मिलिमीटरच्या या फरकानेही काही नळ्या खूश-नाखूश होतात. मॅचच्या छर्ऱ्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम असतं. लॉट नंबरही बघून ठेवा. एखादा डबा जमला, की त्याच लॉटचे आणखी दोन-तीन उचला. पुढच्या लॉटचा छर्रा थोडा वेगळा वागू शकतो.

छर्रा म्हणजे मऊ शिसं. डबा एकदा खाली पडला, की मागचा घागरा चेपतो आणि छर्रा भलतीकडे जातो. काचेवर किंवा गुळगुळीत टेबलावर छर्रे घरंगळवून बघा, वाकडा असेल तो लगेच वेगळा चालतो. स्वस्त डब्यातून असे वाकडे बाजूला काढले, तर उरलेल्यांचा ग्रुप काही वेळा बराच सुधारतो. टीव्हीसमोर बसून हे काम छान होतं, तांदूळ निवडल्यासारखं!

महिन्याचं बजेट

आता खिशाकडे वळू. आठवड्यातून दोनदा रेंजवर जाता, दर वेळी ६० शॉट्स. (स्पर्धेतही प्राथमिक फेरीला ६० च असतात.) महिन्याला झाले ४८०. बऱ्याच डब्यांत ५०० छर्रे असतात. म्हणजे महिन्याला एक डबा, हिशेब अगदी चोख.

समजा, स्वस्त डबा अडीचशे रुपयांना आहे, मधला सहाशेला आणि महागडा पंधराशेला. (आकडे फक्त समजायला, भाव दुकानागणिक बदलतो.) एका शॉटला पडले पन्नास पैसे, एक रुपया वीस पैसे आणि तीन रुपये. स्वस्तातून मधल्यावर गेलात तर महिन्याला साडेतीनशे जास्त. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नचा एक मोठा टब! मधल्यातून महागड्यावर गेलात तर आणखी नऊशे, आणि माझ्या रायफलला त्या नऊशेत मिळाला असता एक मिलिमीटर.

त्या नऊशेचं काय करायचं? रेंजचे जास्तीचे तास घ्या. कोचबरोबर एक सेशन घ्या. अर्धा तास कोच मागे उभा राहिला तर तुमच्या हातातले दहा मिलिमीटर कमी होतील. कुठलाही डबा ते करू शकत नाही.

स्पर्धेत उतरणार असाल तर मॅचचा एक डबा जरूर घ्या. वर्षभर मधला, स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे आणि प्रत्यक्ष स्पर्धेला मॅचचा. मधल्या डब्याला लावलेली साइट महागड्याला तशीच चालत नाही, म्हणून हे दोन आठवडे हवेत.

पॉइंट टू टूचा मामला

एअर रायफलवर हात बसला की प्रत्येकाला .२२ खुणावायला लागते. पन्नास मीटर, खरं काडतूस, खरा आवाज. पण इथे कायदा वेगळा आणि खिसाही वेगळा.

एअर रायफल ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तिला परवाना लागत नाही. तरी बिल जपून ठेवा आणि प्रवासात ती बंद केसमध्येच न्या. .२२ मात्र बंदूक आहे. तिला १९५९ चा शस्त्र कायदा लागू. परवान्याशिवाय रायफलही नाही आणि काडतूसही नाही. म्हणून नवशिक्यासाठी सरळ मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त क्लब. क्लबची रायफल, क्लबची काडतुसं, क्लबच्याच रेंजवर. आठवण म्हणून एखादं काडतूस खिशात घालून घरी आणलंत, तर तो विनोद नाही, गुन्हा आहे.

मामा म्हणतात, "फौजेत राउंड मोजून देतात आणि पुंगळ्या मोजून परत घेतात. एक पुंगळी कमी पडली तर अख्खी तुकडी गवतात वाकून शोधत बसते." छंदातसुद्धा हीच शिस्त हवी.

.२२ मध्ये स्वस्ताईची युक्ती कुठली? पहिली, 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेल्या काडतुसाच्या मोहात पडू नका. टार्गेटसाठी स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे आवाजाच्या वेगाहून जरा कमी वेगाची. जास्त वेगाची गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येते, तेव्हा डळमळते आणि पन्नास मीटरवर पसारा वाढतो. दुसरी, ब्रँडची भावंडं ओळखा. जर्मनीतल्या शोनेबेक इथल्या एकाच कारखान्यात महागडी 'लापुआ' आणि तिची स्वस्त बहीण 'एसके' तयार होते. इंग्लंडच्या 'एली'मध्येही 'टेनेक्स' हा मुकुटमणी, पण खालच्या पायऱ्याही आहेत. सरावाला खालची पायरी, स्पर्धेला वरची. नियम तोच, एक तृतीयांशचा. पन्नास मीटरच्या कार्डावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि पुढच्या प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी. एवढं लक्षात ठेवून स्वतः मोजा.

गोळीची किंमत

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, एवढा हिशेब? छंदच तर आहे! पण आपल्याकडे याच हिशेबावर करिअर उभी राहिलीत.

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. तेव्हा मध्य रेल्वेतला टीसी! वडील शिक्षक. मुलाचा सराव थांबू नये, काडतुसं कमी पडू नयेत म्हणून वडिलांनी कर्ज काढलं होतं, हे पदकानंतर अख्ख्या महाराष्ट्राने पेपरात वाचलं. आपण होम लोन काढतो, कार लोन काढतो. कुणी काडतुसांसाठी लोन काढल्याचं तुम्ही आधी ऐकलं होतं?

त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, ६०० पैकी ५९७. मुंबईची अंजली भागवत एनसीसीतून रायफलकडे आली आणि सिडनी २००० ला ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत पोचली. सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सच्या फायनलमध्ये खेळली. आणि या सगळ्यांच्या आधी एक मराठी नाव आहे, ते फारसं कुणाला आठवत नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही कित्येक नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेची पायरी चढतात.

आपण काही पॅरिसला जाणार नाही. पण ज्या खेळात कुणीतरी एकेका काडतुसासाठी कर्ज काढलंय, तिथे आपण डबा न बघता पाचशे छर्रे उधळायचे, हे बरं दिसत नाही ना?

फुकटची प्रॅक्टिस

सगळ्यात स्वस्त छर्रा कुठला? न मारलेला! मोठमोठे नेमबाज घरी रोज 'ड्राय प्रॅक्टिस' करतात. रिकामी रायफल, भिंतीवर छोटा काळा ठिपका, उभं राहायचं, नेम धरायचा, चाप ओढायचा आणि ठिपका हलला का ते बघायचं.

पण इथे एक मोठी सूचना. नळी मोडून स्प्रिंग भरायच्या साध्या एअर रायफलवर छर्ऱ्याशिवाय चाप अजिबात दाबू नका. आतला पिस्टन आपटतो, सील आणि स्प्रिंगची वाट लागते. अशी रायफल असेल तर स्प्रिंग न भरता फक्त धरण्याचा सराव करा. नेमावर तीस सेकंद स्थिर, मग खाली, मिनिटभर विश्रांती. असे दहा राउंड. दंडाचं काय होतं ते मला विचारा! मॅचच्या महागड्या एअर रायफल्सना ड्राय फायरची वेगळी सोय असते. .२२ वर मात्र क्लबच्या कोचला विचारल्याशिवाय रिकामा चाप ओढायचा नाही, काही रायफल्सची नळीची कड किंवा पिन खराब होते.

मी आता आठवड्यातले चार दिवस पंधरा मिनिटं धरण्याचा सराव करते आणि रेंजवर दोनदाच जाते. छर्रे तेवढेच लागतात, फरक मात्र कार्डावर दिसतो.

चौकट : दुकानात जाण्याआधी

• छर्रे चपट्या डोक्याचे, ४.५ मिलिमीटरचेच.

• एकदम पाच डबे नको. एक घ्या किंवा मित्राकडून पंधरा-वीस छर्रे मागा, उशीवर ठेवून दहा मारा, मोजा.

• डब्याचा ग्रुप तुमच्या उभ्या ग्रुपच्या एक तृतीयांशात बसतोय? घ्या. नाही? पुढचा बघा.

• जमलेल्या लॉटचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा.

• दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. तुम्ही सुधारलात तर डबाही सुधारायला हवा.

• छर्रे शिशाचे असतात. फायरिंग पॉइंटवर वडापाव नाही, छर्रे तोंडात धरणं तर अजिबात नाही. घरी जाण्याआधी साबणाने हात धुवा.

• गच्चीवरून कबुतरं, भटकी कुत्री, शेजाऱ्याची टाकी... हे टार्गेट नव्हेत. नेम फक्त कागदावर, मागे भक्कम आड असतानाच.

आणि शेवटी...

त्या रविवारी संध्याकाळी पुण्याला निघताना मामांनी माझं २२ मिलिमीटरचं कार्ड घडी करून माझ्या बॅगेत टाकलं. म्हटलं, हे कशाला? तर म्हणाले, "पुन्हा कधी वाटलं ना आपल्याला जमत नाही, तर हे काढून बघायचं. चूक आपली असेल तर कबूल करायची. पण आधी मोजायची."

तो अर्धा रिकामा स्वस्त डबा मी फेकला नाही. क्लबमध्ये नव्याने आलेल्या एका मुलाला देऊन टाकला. पहिलाच महिना आहे त्याचा, निम्मे छर्रे कार्डाबाहेर जातात. त्याला अजून तीन महिने तोच डबा पुरेल. फक्त देताना झाकणावर मार्करने लिहिलंय, '२२ मिमी. तुझा ग्रुप ६६ च्या आत आला की हा बदल.'

माझा उभा ग्रुप मागच्या शनिवारी २८ आला. मामांना फोन केला तर पलीकडून विचारणा झाली, "आणि डब्याचा?"

नऊ, मामा. नऊच आहे. म्हणजे अजून एक मिलिमीटर सुधारले, की पुन्हा दुकानाची पायरी चढायची वेळ आलीच!